आमच्या खळ्यातला तेलाचा पाइप

दिगंबर गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंगणात तुरीला ऊन देत होते. फोन त्याच्या मुलाचा होता, संभाजीनगरहून. दिगंबर डोळ्याच्या ऑपरेशनला तिकडं गेला होता. ऑपरेशन झालं होतं, पट्टी निघाली होती, आता गावी यायचाच होता. "काकू, बाबा गेले," पोरगा म्हणाला. मी विचारलं, "जेवला होता का?" तो गोंधळला. म्हणाला, "हो. जेवून पडले होते. आई चहाला उठवायला गेली तर..." "काय जेवला?" "पिठलं-भाकरी. अन् ठेचा." "मग बरं झालं," मी म्हटलं. माझं हे बोलणं पोराला टोचलं असणार. पण मी पुष्कळ माणसं जाताना पाहिली आहेत, उपाशी गेलेलीही पाहिली आहेत. पोटभर पिठलं खाऊन दुपारच्या झोपेत जाणं ही काही ऊर बडवायची गोष्ट नाही. आभाळ आलं होतं म्हणून आधी तूर गोळा करून घरात ठेवली आणि मग गाडीत बसले.

दिगंबर माझा दीर, मालकांचा धाकटा भाऊ. मी लग्न होऊन लिंबागणेशच्या पलीकडच्या या डोंगराकडेच्या गावात आले तेव्हा तो शाळकरी होता. त्याचं नाक मी पुसलेलं, मग त्याला 'भावजी' कोण म्हणणार? मी त्याला दिगू म्हणत आले आणि त्याचे केस पांढरे झाले तरी दिगूच म्हणाले. तेराव्याला जमलेली माणसं म्हणत होती, देवमाणूस गेला. मला हसू येत होतं. देवमाणूस कसला! भाजीत दाण्याचा कूट जरा जास्त झाला की ताट सरकवायचा. पत्त्यांत हरला की दोन दिवस घुम्यासारखा बसायचा. आणि वाद घालायला लागला की समोरचा थकून उठून गेला तरी हा एकटाच घालत राहायचा. लहानपणी माझ्या सासऱ्यांबरोबर बाजाराला गेला होता. तिथं एका व्यापाऱ्याकडं खेचर होतं. यानं विचारलं, "हे घोडं हाय का गाढव?" व्यापारी म्हणाला, "घोड्याचे पैसे देतूस का? मंग घोडंच हाय." झालं. दिगू तिथंच ठाण मांडून बसला. पैशावरून जनावर कसं ठरतं, म्हणे. शेवटी व्यापाऱ्यानं चाबूक उगारला तेव्हा सासऱ्यांनी त्याला बखोट धरून ओढत आणला. घरी येऊन मला म्हणाला, "वैनी, त्याला ठावंच न्हाई त्यो काय इकतोय ते."

असा पोरगा मोठा होऊन काय करणार असं सगळ्यांना वाटायचं. बीडला राहून शिकला, कसल्याशा परीक्षा दिल्या आणि मुंबईला कस्टममध्ये लागला. गावात कुणालाच कस्टम म्हणजे काय ते माहीत नव्हतं. कुणी म्हणायचं पोलिसातच असतं, कुणी म्हणायचं जकात नाक्यावर बसतो. पहिल्या दिवाळीला आला तेव्हा मी त्याला विचारलं, "दिगू, तू दिवसभर करतोस तरी काय रे?" तेव्हा मी ज्वारी निवडत होते. तो म्हणाला, "तू करतीस तेच. जहाजातून माल येतो. मालक म्हणतो, हे अमुक हाय. सरकारचं एक जाडजूड पुस्तक हाय, त्यात जगातल्या सगळ्या वस्तू लिवल्यात. हा माल त्यातल्या कंच्या ओळीत बसतो ते बघायचं. ओळ ठरली की जकात ठरली." मी म्हटलं, "म्हणजे खडा खड्यात, दाणा दाण्यात." "बस, तेवढंच." मी म्हटलं, "अन् याचा पगार मिळतो?" तर लाजला. त्याच्याकडं बराच काळ लोखंडाचं खातं होतं. खिळे, पत्रे, तारा, नळ्या. पोलादी नळ्यांवर तर तो जेवणं विसरून बोलायचा. एखादी नळी जोड न देता ओढून काढलेली आहे का पत्रा वळवून जोडलेली आहे, भिंत किती जाड, तोंडाला आटे आहेत का साधं आहे, यावरून म्हणे ओळ बदलते. त्याची बायको शैला सिरसाळ्याची, मोकळ्या स्वभावाची. ती म्हणायची, "वैनी, लग्नात यांनी माझ्याकडं बघायच्या आधी मांडवाच्या पाइपाकडं बघितलं."

मग तो मोठा दुष्काळ आला. त्याचं वर्णन करत बसत नाही, ज्यांनी पाहिला त्यांना ठाऊक आहे आणि ज्यांनी नाही पाहिला त्यांना सांगून कळत नाही. आम्ही बायका खडी फोडत होतो, मिळेल ती सुकडी खात होतो आणि विहिरीच्या तळाला पोरं उतरवून वाटीनं पाणी भरत होतो. तेव्हा आमच्या भागातल्या गावांनी मिळून एक सहकारी संस्था काढली. आमचे मालक तिचे चेअरमन. शिकलेले नव्हते, पण शब्दाला पक्के होते, म्हणून लोकांनी बसवलं. गावोगावच्या लोकांनी शेअर घेतले, बायकांनी पाटल्या मोडल्या, आणि संस्थेनं जमिनीत खोल भोक पाडायची मशीन आणली. पहिलं भोक आमच्याच घरामागच्या खळ्यात पाडलं. दुष्काळात खळ्याचं काय काम? पाणाड्यानंही तिथंच बोट दाखवलं होतं. पाणी लागलंसुद्धा. आम्ही सगळ्या जणी हंडे घेऊन धावलो, आणि संध्याकाळपर्यंत वरचा मुरूम ढासळून भोक बुजून गेलं. मशीनवाला म्हणाला, पोलादी पाइप आत सोडल्याशिवाय इथं भोक टिकायचं नाही. पण पाइप कुठं होते? सगळा मुलूख भोकं पाडत सुटलेला. देशात पाइपाला नंबर लावून लोक बसले होते.

मालकांनी मुंबईच्या एका व्यापाऱ्याला गाठलं. तो म्हणाला, परदेशातून पाइप येतायत, नवेकोरे, कुणाकडं तरी उरलेले, स्वस्तात देतो, जकात तेवढी तुम्ही भरा. संस्थेकडं जे होतं ते सगळं त्यात गेलं. पाइप गोदीत उतरले. जकातीचे कागद करून देणाऱ्या दलालानं मालकांना विचारलं, "कशाचे पाइप लिहू?" मालक म्हणाले, "पान्याचे. पान्यासाठी हायेत तर पान्याचेच लिवा. संस्थेच्या कागदावर खोटं न्हाई चालायचं." दलाल दोनदा म्हणाला, चेअरमनसाहेब, जरा विचार करा. मालक म्हणाले, केला.

पाइप ताब्यात घ्यायला म्हणून मालक, सुदाम नावाचे संस्थेचे एक मेंबर आणि मी असे मुंबईला दिगूकडं गेलो. माझं जायचं कारण दोन. एक म्हणजे शैलाला दिवस गेले होते, तिला या दोन खादाड माणसांना रांधून घालायला जमलं नसतं. दुसरं कारण पूजेचं. आमच्याकडं नवं लोखंड घरात आलं की, मग ते नांगराचा फाळ असो का पाण्याची मोटार, त्याला शेंदूर लावून, नारळ फोडून मगच कामाला घेतात, आणि पूजेला मालकाबरोबर मालकीण लागते. दलालानं पास काढून दिले. गोदीत गेलो तर शेडच्या एका अंगाला आमचे पाइप पडलेले. काय पाइप होते! आमच्या गावात कुणी तेवढं लोखंड एका जागी पाहिलं नव्हतं. तोंडाला टोप्या घातलेल्या होत्या. मालकांनी एक टोपी काढली. सुदाम म्हणाला, "चेअरमन, तोंडालाच लावा. देवाला शेंदूर तोंडालाच लावतेत." एकाला लावला. मग दुसऱ्याला. सगळ्यांच्या टोप्या काढल्या आणि बीडहून आणलेला शेंदराचा सगळा पुडा तेलात कालवून त्या तोंडांना थापला, आत-बाहेर, जाड. आट्यांत भरला. तोंडाजवळ कसलीशी इंग्रजी अक्षरं होती, तीसुद्धा झाकली गेली. मी हळद-कुंकू वाहिलं. मालकांनी लोखंडी खांबावर नारळ फोडला, सगळ्यांना खोबरं वाटलं. गोदीतल्या हमालांनीही पाया पडून खाल्लं. आम्ही समाधानानं घरी आलो.

घरी दिगूला मालकांनी हौसेनं सांगायला सुरुवात केली, "दिगू, आज पाइपाची पूजा..." तोच दिगू उठून उभा राहिला. "दादा, थांब. ज्या दिवशी संस्थेचं नाव कागदावर बघितलं, त्याच दिवशी मी साहेबाला सांगितलंय, हे माझं गाव हाय, ह्या मालाला मी हात लावनार न्हाई. ते काम दुसऱ्याकडं गेलंय. या घरात तुमी कितीबी राहा, काय पायजे ते खा. पाइपाचं बोलायचं न्हाई." सुदाम भाकरी तोंडात धरून बघतच राहिला. मग म्हणाला, "काय बे साहेब, घरच्या म्हशीला बी वळखत न्हाईस का?" दिगू म्हणाला, "वळखतो. म्हनून तर धार काढत न्हाई." सुदाम म्हणाला, "तुझ्या नळाला पानी येतंय म्हनून ह्या गोष्टी सुचतेत."  दिगूनं जेवण अर्धंच टाकलं. मी त्या वेळी त्याची बाजू घेतली नाही. मलाही खळ्यातलं ते बुजलेलं भोक दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी दलाल धावत आला. माल अडकला होता. तपासायला आलेल्या साहेबानं पाइपाची लाल तोंडं पाहिली आणि शेडच बंद करायला लावली. परदेशी मालावरचे शिक्के रंगानं झाकणारा माणूस चोरच असतो, असं त्यांचं म्हणणं. कागदावर पाण्याचे पाइप, आणि माल वेगळाच दिसतोय. त्यातून चेअरमन हा आपल्याच खात्यातल्या माणसाचा सख्खा भाऊ! म्हणजे आतल्या माणसानंच शिकवलं असणार, असं तिथं बोललं जाऊ लागलं. दलालानं आम्हाला स्पष्ट सांगितलं. पाण्याचे म्हणून जकात लागली तर ती एवढी असेल की संस्थेनं माल गोदीतच सोडून घरी जावं. लबाडी ठरली तर माल जप्त. आणि दिगंबररावांचं काय होईल ते मला विचारू नका. संध्याकाळी दिगू घरी आला, बूट काढले, खिडकीशी बसला. त्याला सगळं कळलेलं होतं. पाइपाचं बोलायचं नाही हा त्याचा नियम, तो त्यानं तेव्हाही मोडला नाही.  मी मात्र त्या दिवशी म्हटलं, "दिगू, तू गप्प बसलास म्हणून ही वेळ आली. आधी एक शब्द बोलला असतास तर शेंदूर लावला नसता." तो म्हणाला, "वैनी, मी बोललो असतो तर शेंदूर न लावता बी तुमी चोर ठरला असता." मला तेव्हा ते पटलं नाही. जरा पटलं, पण मी तसं दाखवलं नाही.

पूजा करणाऱ्या सगळ्यांना मोठ्या साहेबांनी शेडमध्ये बोलावलं. साहेब उंच, चष्मेवाले, मराठी चांगलं बोलायचे. दिगूलाही बोलावलेलं होतं, पण तो शेडच्या दाराशी, मालापासून लांब उभा राहिला. साहेबांनी विचारलं, "हा रंग कुणी फासला?"  मीच म्हटलं, "रंग न्हाई साहेब, शेंदूर हाय." "कशासाठी?" "तुमी नवी गाडी घेतली तर तिला काय करता?" साहेबांनी माझ्याकडं बघितलं. म्हणाले, "हार घालतो." "नुसता हार?" "...लिंबू-मिरची." "मंग? आमी शेंदूर लावतो." "अहो बाई, पण सगळ्या पाइपांना?" यावर सुदाम पुढं सरकला. "मंग एकाला जेवू घालायचं अन् बाकीचे उपाशी ठेवायचे का साहेब? उद्या बाकीच्यांनी भोकात दगा दिला तर तुमी येनार का?" मागं उभे असलेले हमाल खो खो हसले. त्यातला एक म्हणाला, "खरंय साहेब, आम्ही खोबरं खाल्लंय."

साहेब हसले नाहीत, पण त्यांचा आवाज खाली आला. म्हणाले, शिक्के दिसल्याशिवाय मला काही ठरवता येणार नाही. मी विचारलं, रॉकेल आहे का? तेलात कालवलेला शेंदूर पाण्यानं निघत नाही, घासला तर आणखी पसरतो. तो रॉकेलच्या बोळ्यानं गोल गोल न पुसता एका बाजूला ओढत काढायचा असतो. हमालानं डबा आणि गोणपाटाचा तुकडा आणून दिला. मी पदर खोचला आणि एक तोंड पुसलं. मग मालकांनी, मग सुदामनं. साहेबांनी वाकून अक्षरं वाचली, आट्यांवरून बोट फिरवलं, भिंतीची जाडी मोजली, हाताखालच्या माणसाशी इंग्रजीत बोलले, जाड पुस्तक उघडलं. मग मालकांना म्हणाले, "चेअरमन, हे पाण्याचे पाइप नाहीत. हे तेलाच्या विहिरीत सोडायला बनवलेले पाइप आहेत."

मालक म्हणाले, "आमच्याकडं तेल कुठं हाय साहेब?"

साहेबांनी समजावून सांगितलं. जमिनीतून तेल काढायला बनवलेल्या पाइपांची पुस्तकात ओळ वेगळी आहे, त्यावर जकात अगदी कमी आहे, कारण सरकारला तेल शोधायचं आहे. पाण्याच्या विहिरीची तशी ओळ नाही. सुदामच्या तोंडून निघून गेलं, "म्हंजी तेलाला माफी अन् पान्याला न्हाई?" साहेब म्हणाले, "पुस्तक मी लिहिलेलं नाही." मग पुन्हा मालकांकडं वळले. "तुमचा कागद म्हणतो पाण्याचे, माल म्हणतो तेलाचे. कागद दुरुस्त करून घ्यायला तुम्ही तयार आहात का?" एवढंच हो म्हणायचं होतं. पण आमचे मालक! छाती काढून म्हणाले, "न्हाई साहेब. पाइप पान्यासाठी आनलेत. तेलाचे म्हनून सही केली तर ती लबाडी झाली. मशीन उभी राह्यली तरी चालंल, खोटी सही करनार न्हाई." साहेब सांगून थकले. चष्मा काढला, पुसला, घातला. मालक ऐकेनात. त्यांना वाटत होतं आपली परीक्षा चालली आहे. साहेबांनी पुस्तक मिटलं. "मग कागदावर आहे तेच चालेल. पाण्याचे," म्हणाले, आणि जायला वळले. मला तिथंच मालकांच्या पाठीत धपाटा घालावासा वाटला. सगळ्या बायकांच्या मोडलेल्या पाटल्या त्या शेडमध्ये पडून राहणार होत्या, आणि माझा नवरा खरेपणाची पताका धरून उभा!

तेव्हा दाराशी उभा असलेला दिगू बोलला. पुढं आला नाही, तिथूनच म्हणाला, "दादा, तू पाइपाचं काय करनार ते कुनी विचारत न्हाई. पाइप काय हाय ते विचारतेत."

शेडमध्ये सगळे त्याच्याकडं बघायला लागले. मालकांनीही मान वळवली. भावाचं तोंड नीट बघितलं. मग म्हणाले, "आस्सं हाय का... मंग पाइप काय हाय?"  दिगूनं साहेबांकडं बोट केलं. मालक साहेबांना म्हणाले, "साहेब, मंग जे हाय ते लिवा. मी सही करतो."

पाइप सुटले. ट्रकनं गावाला आले. पहिलं भोक पुन्हा आमच्याच खळ्यात, त्याच जागी पाडलं, पाइप सोडला, आणि या वेळी मुरूम ढासळला नाही. हातपंप बसवला तेव्हा पहिलं पाणी गढूळ, मग तांबूस, मग स्वच्छ. बायकांची रांग खळ्यातून थेट मारुतीच्या पारापर्यंत. संस्थेच्या सगळ्याच भोकांना पाणी लागलं असं नाही, काही कोरडी गेली. पण ज्यांना लागलं त्या गावांनी तो उन्हाळा काढला, जनावरं ठेवली, आणि पुढच्या सालात पेरणी केली. मालक गावभर सांगत सुटले, "आमच्या गावात तेलाची विहीर हाय." लोक हसायचे, पाणी भरायचे.

दिगूच्या वाट्याला काय आलं? गावात तर त्याचं नाव खराबच झालं. सुदाम पारावर बसून सांगायचा, "सख्खा भाऊ कस्टममध्ये साहेब, अन् केलं काय? एक वाक्य बोलला बे, एक!" दिगू सुट्टीला आला की तोंडावरही म्हणायचा. दिगू म्हणायचा, "एकच लागलं, सुदामआण्णा." आणि त्याच्या डब्यातलं पान काढून खायचा. त्या एका वाक्याची किंमत त्यानं आम्हाला कधी सांगितली नाही. ती मला पुष्कळ सालांनी शैलानं सांगितली. त्या मालाला हात लावणार नाही असं स्वतः सांगून पुन्हा मधे बोलला म्हणून त्याला वरून खडसावलं गेलं, आणि लोखंडाचं खातं काढून घेऊन परदेशातून येणाऱ्या जुन्या चिंध्यांच्या गाठी तपासायला बसवलं. आयुष्यभर नळ्यांवर जीव असलेला माणूस चिंध्यांच्या धुळीत शिंकत बसला. मी त्याला झापलं, "इतकी सालं बोलला का नाहीस?" तर म्हणतो कसा, "वैनी, चिंध्यांत बी लई शिकायला मिळालं. कापूस कुठला, लोकर कुठली, फाडलेली का फाटलेली... ओळ बदलते." आणि त्यानं अर्धा तास मला चिंध्यांवर ऐकवलं. मग मी नाद सोडला. दुःख करून घ्यायची त्या माणसाला अक्कलच नव्हती. पुढं त्याला लोखंड परत मिळालं म्हणा. त्या चष्मेवाल्या साहेबांनीच त्याला मागून घेतलं, असं शैला सांगते.

मालक गेल्यावर दिगू रिटायर होऊन गावी आला. शैला मुलाकडं आणि गावाकडं अशी ये-जा करायची, हा मात्र इथंच. सकाळी उठून शेताला चक्कर, मग माझ्याकडं चहा, मग वाद. आमचे वाद कशावरून व्हायचे ते ऐकलं तर लोक हसतील. एकदा मी भाजीच्या पळीनं मांजर हाकललं. तर म्हणतो, "वैनी, ही पळी आता काठी झाली का?" मी म्हटलं, "न्हाई बाबा, पळीच. मी काय करते ते कुणी विचारत न्हाई." इतका खूश झाला की मोठ्यानं हसला आणि चहा अंगावर सांडला. सुदाम म्हातारा झाला होता, तरी काठी टेकत यायचा. दोघं पत्ते खेळायचे. दिगू हरायचा आणि घुमा बसायचा. सुदाम मला म्हणायचा, "तुमच्या साहेबाला सांगा, पत्त्यांत आपलं गाव हाय म्हनून हात न लावता जिंकता येत न्हाई." सुदाम गेला तेव्हा दिगू दोन दिवस पत्त्यांची जोडी खिशात घेऊन हिंडला.  तिसऱ्या दिवशी मला म्हणाला, "वैनी, तुला रमी येते का?" मला येत नव्हती. त्यानं शिकवली. मग मीच त्याला हरवायला लागले.

खळ्यातल्या विहिरीचं म्हणाल तर ती आता आटली. आमच्यामागं ज्यानं त्यानं आपापल्या रानात भोकं पाडली, खोल खोल गेले, सहकार राहिला बाजूला, आणि आमच्या भोकाचं पाणी खाली खाली जात गेलं ते गेलंच. हातपंप कुणी तरी काढून नेला. मला त्याचं फार काही वाटलं नाही. विहिरी आटतात. जितकं द्यायचं तितकं तिनं त्या उन्हाळ्यात दिलं होतं. पाइप मात्र राहिला, गुडघाभर वर आलेला, हलवला तरी न हलणारा. त्याला मी शेळी बांधते. एकदा एक भंगारवाला आला होता, तो त्याच्याभोवती घुटमळत दिगूला म्हणाला, "काका, कसला पाइप हाय हो हा?" दिगू बाजेवर पेपर वाचत बसला होता. पेपर खाली न करताच म्हणाला, "इथं विचारशील तर शेळीचा खुंटा. मुंबईला विचारशील तर अजून बी तेलाचाच." भंगारवाला त्याच्याकडं बघत बघत निघून गेला.

आता तो नाही. सकाळी चहा एकटीचा करते, तो जरा चांगलाच होतो, कारण पत्ती जास्त, साखर कमी म्हणणारं कुणी नाही. रमीचे पत्ते फडताळात आहेत, शैला आली की तिला शिकवणार आहे. मला रडू आलं का असं तेराव्याला पुष्कळ जणींनी विचारलं. आलं नाही. एवढं चांगलं आयुष्य, सरळ बोललेलं, वादांत आणि खाण्यात गेलेलं, शेवटी झोपेत संपलेलं... त्यावर रडायचं तर हसायचं कशावर?

परवा माझी नातसून म्हणाली, "आजी, खळ्यात फरशी टाकून घेऊ. तो मधला पाइप तेवढा कापून टाकायला सांगते, येता-जाता पायात येतो."

मी म्हटलं, "मग शेळी कुठं बांधू?"

ती म्हणाली, "आजी, तुमच्यानं आता होत नाही तिचं. विकून टाकू या तिला."

"विक," मी म्हटलं. "रविवारी बाजार हाय. येताना दुसरी घेऊन ये."